बारातले हात, सातातलं नाव

सातबाऱ्याचा उतारा म्हणजे कोरडा सरकारी कागद, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो एकदा सावकाश वाचावा. वर गाव, तालुका, जिल्हा. मग गट क्रमांक, आणि त्याच्याजवळच शेताचं स्थानिक नाव, म्हणजे त्या तुकड्याला लोक ज्या नावानं हाक मारतात ते. आमच्या एका गटापुढं 'चिंचेची पट्टी' असं लिहिलेलं आहे. ती चिंच कुणी पाहिली होती, हे सांगणारं माणूस आता गावात उरलेलं नाही. कागदानं मात्र ती जपून ठेवली आहे. त्याखाली क्षेत्र, पोटखराबा, आकार. मग भोगवटादारांची नावं, 'इतर अधिकार' नावाचा एक रकाना आणि जागोजाग फेरफारांचे आकडे. माणूस वारलं, त्यानं जमीन विकली किंवा हिस्सा सोडला, की त्याच्या नावाला कंस पडतो. पिढ्यान् पिढ्यांचे जन्म, मृत्यू, भांडणं, कर्जं आणि समेट त्या एका पानावर दाटीनं बसलेले असतात.

हा उतारा दोन नमुन्यांचा मिळून झालेला. गाव नमुना सात सांगतो, जमीन कुणाची. गाव नमुना बारा सांगतो, त्या जमिनीत काय पिकलं. वर मालकी, खाली पीक. सोलापूर जिल्ह्यात सीनेच्या काठी आमचं काळं रान आहे. त्याचे जुने उतारे घेऊन बसलं की बारातल्या नोंदी वाचता वाचता डोळ्यांपुढं हंगाम उभे राहतात. रब्बी ज्वारी, करडई, हरभरा, तूर. दुष्काळाच्या वर्षी 'पड'. आणि सातात नावं येतात ती पणजोबांची, आजोबांची, चुलत आजोबांची, वडिलांची, काकांची. बारातल्या एकेका ओळीत घरातल्या बायांचे हात आहेत, आणि सातात मालक म्हणून त्यांच्यातल्या एकीचंही नाव नाही. बाई किती पुढं आली याचं माप लोक शाळा, नोकरी, पद, पुरस्कार यांवरून काढतात, आणि ती मापं खोटी नाहीत. पण माझं मन पुन्हा पुन्हा येऊन थांबतं ते सात आणि बारा यांच्यामधल्या त्या आडव्या रेषेवर.

आजीला रान अंगानं ठाऊक होतं. हस्ताचा पाऊस उघडला की ती पहाटे शेतात जायची, वाकून मूठभर माती उचलायची, दाबायची, सोडायची. मातीचा लाडू फुटला कसा यावरून ती सांगायची की वापसा आला, उद्या पाभर धरा. तिचं चुकलेलं कुणाला आठवत नाही. पेरताना बैलांचा कासरा आजोबांच्या हातात असे आणि चाड्यावर मूठ आजीची. मूठ सैल पडली तर ज्वारी दाट उगवते, आवळली तर विरळ. ओळीनं, सारख्या अंतरानं उगवलेलं हिरवं रान म्हणजे तिच्या मुठीची अक्षरं होती. मग खुरपण. मग दाणे चिकात आले की पाखरं राखणं. मग काढणी. आमच्याकडची रब्बी ज्वारी मुळासकट उपटून काढतात. माघ-फाल्गुनातल्या त्या दिवसांत बायांच्या तळहातांना फोड येत, फुटत, पुन्हा येत. आडव्या पडलेल्या धाटांची कणसं मोडायची, पेंढ्या बांधायच्या, खळं सारवायचं, उफणणी करायची. आणि सगळं उरकल्यावर चांगली टपोरी कणसं निवडून, राख आणि लिंबाचा पाला घालून पुढच्या वर्षाचं बी ठेवायचं. ते बी कुठल्या कणगीत आहे हे फक्त तिला माहीत असायचं. म्हणजे पुढच्या साली या घरात पेरणी होणार की नाही, हे तिच्या हातात होतं.

वेळ अमावस्येला, आमच्या बोलीत येळवसेला, सगळं घर रानात जाई. कडब्याच्या कोपीत पांडव मांडलेले. आंबिलाची घागर, भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी. आदल्या रात्रभर चूल आजीनं पेटती ठेवलेली आणि सकाळी घागरही तिच्याच डोक्यावर. रानाची पूजा, रानाचं बी, रानाचा वापसा, सगळं तिचं. सोसायटीत कर्जाच्या कागदावर सही करायला मात्र आजोबा जात, आणि ते थकल्यावर वडील. आजीला कुणी वाईट वागवलं असं नाही. घरात तिचा शब्द चाले. पण तो शब्द कुठल्या कागदावर उभा नव्हता. घरातल्या माणसांच्या भलेपणावर तो उभा होता, आणि दुसऱ्याच्या भलेपणाला आपण हक्क म्हणू शकत नाही.

हे असंच का होतं, याचा माग काढत गेलं की जुन्या फेरफारांत 'ए. कु. मॅ.' अशी अक्षरं भेटतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला की थोरल्या भावाचं नाव 'ए. कु. मॅ.' म्हणून लागे, आणि बाकीचे भाऊ त्याच्या नावाआड असत. त्या भावांचा हक्क निदान मनात तरी जिवंत असे, वाटणीच्या वेळी तो जागा होई. विधवा आणि मुली त्या नावाच्याही आड, 'इतर अधिकार' या रकान्यात. कितीतरी गावांत बहिणींची नोंद अशी बाजूच्या रकान्यात व्हायची, जिथं विहिरीच्या पाण्याचा हिस्सा, जाण्यायेण्याची वाट आणि सोसायटीचा बोजा लिहितात. त्या बोजाच्या खालच्या ओळीत माझ्या आत्याचं नाव मी वाचलं आहे.

कायदा या रकान्यापर्यंत पोचायला फार वर्षं लागली. १९३७ च्या कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा दिला, पण तो तिच्या हयातीपुरता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मुलीला बापाच्या मिळकतीत वारस केलं तेव्हा संसदेत आणि संसदेबाहेर केवढा विरोध उसळला! बिल अडलं, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढं त्या बिलाचे तुकडे होऊन कायदे झाले. त्यातला १९५६ चा हिंदू वारसा कायदा. त्यानं बाईला तिच्या ताब्यातल्या मिळकतीची पूर्ण मालकी दिली आणि मुलीला वारसांच्या पहिल्या रांगेत बसवलं. तरी वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मानं हक्क मुलांचाच राहिला. आई हयात नाही, बाप आणि दोन मुलगे आहेत, तर आधी तिघांचे तीन वाटे, मग बापाच्या एका वाट्याचे पुन्हा तीन भाग आणि त्यातला एक मुलीचा. भावांना चार-चार नवमांश, बहिणीला एक. आणि तो एकही सोडावा अशी सगळ्यांची अपेक्षा.

ती अपेक्षा बोलून दाखवावी लागत नाही. आजोबा गेले तेव्हा मी शाळेत होते. दिवसपाणी झालं आणि काही आठवड्यांनी आत्याला बोलावणं गेलं. ती आली, ओसरीवर बसली, पाणी प्यायली. वडिलांनी कागद पुढं केला. ती म्हणाली, "दादा, अंगठा कुठं लावायचा ते दाव, मला चहा टाकायचाय." कागदात काय आहे हे तिनं विचारलं नाही, कारण तिला ते माहीत होतं. सोडपत्र. तिच्या गावच्या प्रत्येक मैत्रिणीनं ते करून दिलं होतं. जाताना तिला इरकल साडी मिळाली, ओटी भरली, भावानं एसटीत बसवून दिलं. ती हसत गेली. पुढं उताऱ्यावर तिच्या नावाला कंस पडला.

त्या हसण्याचा मी खूप विचार केला आहे. तिला फसवलं असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नव्हे. तिनं तो सौदा समजून उमजून केला होता. आपला हिस्सा देऊन तिनं माहेर राखलं. पंचमीला कुणीतरी न्यायला यावं, दिवाळीत भावाला ओवाळायला हक्काचा पाट असावा, सासरी काही बिनसलंच तर ओसरीवर चार दिवस बसता यावं, यासाठी तिनं एकरांची किंमत मोजली. प्रश्न तिच्या शहाणपणाचा नाहीच. प्रश्न हा, की भावाला बहिणीचं प्रेम फुकट मिळतं आणि बहिणीला भावाचं प्रेम जमीन देऊन राखावं लागतं, हा हिशेब कुणी मांडला? पुढं आत्याचा नवरा गेला, दिरांनी हात आखडता घेतला, तेव्हा ती माहेरी येऊन राहिली. सगळे तिच्याशी चांगले वागले. पण जेवायला बसल्यावर ती दुसऱ्यांदा भाकरी मागायची नाही. ज्या रानातली ती ज्वारी होती, त्या रानात तिचा वाटा होता, हे त्या स्वयंपाकघरात फक्त कागदाला ठाऊक होतं, आणि तेही कंसात.

नणंद-भावजयीच्या वैरावर आपल्याकडं किती ओव्या, किती म्हणी, किती गोष्टी! बाईच बाईची वैरीण, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. मला ते वैर वेगळं दिसतं. नणंदेचं नाव सातावरून गेलेलं असतं आणि भावजयीचं तिथं आलेलं नसतं. भावजय ज्या घरात राबते तिथं तिची सगळी सुरक्षितता नवऱ्याच्या नावावर टांगलेली असते, म्हणून नवऱ्याच्या हिश्श्यातला एक गुंठा कमी होणार म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो. दोघी बिनमालकीच्या. दोन बिनमालकीच्या बायांना एकाच ओसरीवर बसवलं की त्या एकमेकींना घाबरणारच. भावजयीचं नाव नवऱ्याबरोबर लागलेलं असतं आणि नणंदेचं भावाबरोबर, तर त्या दोघी एकाच गटातल्या दोन खातेदार झाल्या असत्या. बांधावर बसून आंब्याचं कलम कुठलं लावायचं यावर त्यांचं भांडण झालं असतं, आणि तसलं भांडण मला फार आवडलं असतं.

२२ जून १९९४ पासून महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा जन्मजात हक्क दिला. देशभरचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी बदलला. पण महाराष्ट्राच्या कायद्यात एक अट होती. त्या तारखेआधी जिचं लग्न झालं, तिला हा हक्क नाही. एकाच आईच्या दोन मुली. थोरलीचं लग्न त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या मुहूर्तावर लागलं असेल आणि धाकटीचं पुढच्या वर्षी, तर धाकटी भावांच्या बरोबरीची आणि थोरली पाहुणी. लग्नाची तिथी बहिणी-बहिणींत अशी भिंत घालू शकते! ९ सप्टेंबर २००५ पासून देशाच्या दुरुस्त कायद्यानं ती भिंत पाडली. लग्न झालेली असो वा नसो, मुलगी ती मुलगीच. तरी त्या दिवशी बाप हयात असायला हवा होता का, यावर कोर्टांत पंधरा वर्षं खल चालला. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा यांच्या खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्मानं आहे, बाप त्या तारखेला जिवंत असण्याशी त्याचा संबंध नाही. १९५६ ते २०२०. एक बाई जन्मून, लग्न होऊन, नातवंडं खेळवून म्हातारी होईल एवढा हा काळ.

कायदा चालत येत होता तेव्हा काही माणसं त्याच्या पुढं धावली, हेही सांगायला हवं. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. कष्टकरी बायांचा असा समुदाय महाराष्ट्रानं त्याआधी क्वचितच पाहिला असेल. पुढं संघटनेचे नेते शरद जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली. घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा एक तुकडा करा; ज्या गावात शंभर शेतकरी हे करतील त्या गावी मी येईन. आणि खरोखरच गावं पुढं आली. छातीवर संघटनेचा लाल बिल्ला लावलेले, कर्जानं वाकलेले, ज्यांच्याकडं स्वतःला पुरेल एवढंही रान नव्हतं असे पुरुष बायकोचं नाव लावायला तलाठ्याकडं गेले. कुठल्याही मोर्च्याइतकीच ही गोष्ट मला धीराची वाटते. आमच्या गावात शंभराचा आकडा भरला नाही. वडीलही बिल्लेवाले होते. पुढच्या साली करू, असं ते म्हणत राहिले.

नावानं होतं काय, असं विचारणारे भेटतात. विकास सोसायटीचं सभासद व्हायला जमीन लागते. पीककर्ज, पीकविमा, ठिबकचं अनुदान, गारपिटीची भरपाई, या सगळ्यांचा पहिला कागद सातबारा. गावातली शेतकरी कोण, याचं उत्तर सरकार शेतात जाऊन शोधत नाही, ते उताऱ्यात शोधतं. २०१७-१८ च्या श्रमबल पाहणीत ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या बायांपैकी ७३ टक्के शेतीत होत्या. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत बायांच्या नावची वहिवाटखाती १४ टक्क्यांच्या आत होती. हे दोन आकडे शेजारी ठेवा, म्हणजे बारा आणि सात यांच्यामधली रेषा केवढी रुंद आहे ते कळेल. विदर्भात, मराठवाड्यात ज्या घरातला कर्ता फास लावून गेला, तिथली बाई त्या रेषेवरच उभी असते. कर्ज तिच्या दाराशी येतं आणि जमीन सासऱ्याच्या नावावर राहते. महिला किसान अधिकार मंचाच्या कार्यकर्त्या अशा बायांबरोबर तहसिलाच्या पायऱ्या चढतात, तेव्हा त्यांची पहिली लढाई असते ती नावासाठी.

आणखी एक गोष्ट. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या विवाहित बायांच्या नावावर घर नाही आणि जमीनही नाही, त्यांच्यातल्या ४९ टक्के बायांनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. ज्यांच्या नावावर घर आणि जमीन दोन्ही, त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के. हे वाचल्यापासून मला उतारा हा नुसता महसुली कागद वाटत नाही. जिला जायला जागा आहे तिच्यावर हात उचलताना माणूस थांबतो. कधी शहाणपणानं, कधी भीतीनं. पण थांबतो.

वडील गेल्यावर आमच्याकडं वारसनोंदीची वेळ आली. ओसरी तीच होती. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी समजुतीच्या सुरात सुचवलं, पोरीचं नाव इतर हक्कात टाका, म्हणजे तिचाही मान राहील. भाऊ म्हणाला, "नाही, तिघांची नावं लावायची. आई, मी आणि ताई." पुढं त्याला त्याचा त्रासही झाला. कर्जाला माझी संमती लागते, मी पुण्यात, तो गावात. एका सहीसाठी त्याचा दिवस जातो. त्यानं ते कधी बोलून दाखवलेलं नाही आणि मी ते विसरलेले नाही. रान तोच कसतो, ज्वारी मला येते, खताच्या वेळी मी माझा वाटा घालते. आमच्या नात्यात हिशेब आला, तसा मोकळेपणाही आला. भाऊबीजेला मी त्याला ओवाळते तेव्हा त्या ताटात भीतीचा कण नसतो.

पण खरा बदल आईत पाहिला. आयुष्यभर तिनं "मला काय कळतंय त्यातलं" असं म्हटलं होतं. नाव लागल्यावर ती सोसायटीच्या वार्षिक सभेला गेली, पहिल्या वर्षी नुसती बसली, पुढं खताच्या दरावर बोलली. बांधावर तिनं सीताफळं लावली. कुणाला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. मोबाइलवर उतारा दिसतो हे कळल्यापासून ती नातीकडून तो वाचून घेते. सातावरची आपल्या नावाची ओळ पुन्हा वाच म्हणते. मग बारावर येते आणि पीकपाहणीत चूक असली तर लगेच धरते. आजीचं ज्ञान आणि आईचं नाव असं एका उताऱ्यावर यायला आमच्या घराला एवढ्या पिढ्या लागल्या.

नुसत्या नावानं सगळं होत नाही, हेही तितकंच खरं. मुद्रांकात सवलत मिळते म्हणून बायकोच्या नावावर घर घेणारे आणि त्या घराचा कागद तिला कधी न दाखवणारे आहेत. कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्याही बाया आहेत. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. आदिवासी मुलीला कोर्टाची पायरी चढावी लागते. छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बाईच्या वारसांना समान वाटा दिला तो थेट जुलै २०२५ मध्ये. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली असल्यामुळं देशाच्या काही भागांत मुसलमान बाईचा शेतीतला वाटा रूढीच्या हाती राहिला. काम पुष्कळ बाकी आहे. पण बाकी कामाला सुरुवात याच कागदापासून होते, कारण आपल्या मुलखात माणसाचं 'असणं' या कागदावर लिहिलं जातं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. घरचा उतारा काढा आणि घरातल्या सगळ्या बायांना बसवून मोठ्यानं वाचा. आई आहे का त्यात, बायको आहे का, बहीण भोगवटादारांत आहे की इतर अधिकारात, ते पाहा. बहिणींनो, कुणाच्याही प्रेमाखातर न वाचता सही करू नका. वाचून, समजून काय सोडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि भावांनो, बहिणीनं आपण होऊन काही दिलं तर तो तिचा मोठेपणा आहे, पण तिच्यापुढं सोडपत्राचा कागद सरकवू नका. माहेर ही विकत घ्यायची वस्तू नाही, आणि ती बहिणीला विकण्याचा अधिकार कुठल्याही भावाला नाही.